ओढ्याची राखण : प्रस्तावना

डोंगरउतारावरून निघून नदीला मिळणाऱ्या लहान प्रवाहांना महाराष्ट्रात आणि गोव्यात ओढा, नाला, ओहोळ, पऱ्या, व्हाळ अशी अनेक नावे आहेत; मात्र नोंदवहीत त्यांपैकी फारच थोड्यांना जागा मिळते. धरणांतील पाणीसाठ्याचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येतात, मोठ्या नद्यांच्या पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी घेत असते. परंतु वस्तीच्या मागून वाहणाऱ्या ओढ्यात मे महिन्यात किती पाणी होते, ते कशामुळे काळे पडले, त्यात पूर्वी कोणते जीव होते आणि ते कधी दिसेनासे झाले, हे सांगणारा कागद बहुधा कोठेच नसतो. हा कागद तयार करण्याचे काम सामान्य नागरिक करू शकतात, जगात अनेक ठिकाणी ते पन्नासहून अधिक वर्षे करत आले आहेत, आणि ओढा पुन्हा जिवंत करण्याच्या कोणत्याही प्रयत्नाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी, ही प्रस्तुत पुस्तकामागची भूमिका आहे.

लहान प्रवाहांकडे होणारे हे दुर्लक्ष शास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नाही. अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली प्रवाहांची श्रेणी लावण्याची पद्धत मांडली आणि पुढे आर्थर स्ट्रॅलर यांनी ती सुधारली. तिच्यानुसार ज्याला वरून दुसरा कोणताही प्रवाह मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा, असे दोन एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा, याप्रमाणे नदी मोठी होत जाते. या पद्धतीने कोणत्याही खोऱ्याचा नकाशा मोजला तर प्रवाहांच्या एकूण लांबीचा मोठा वाटा पहिल्या दोन श्रेणींतच भरतो, म्हणजे पाऊस जमिनीवरून प्रथम ज्यात उतरतो, गाळ आणि पालापाचोळा प्रथम ज्यात येतो, ते सारे ओढेच असतात. दख्खनच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. येथील काळा कातळ लाव्ह्याच्या एकावर एक बसलेल्या थरांचा असून त्या थरांमधील सच्छिद्र व भेगाळ पट्ट्यांत पावसाचे पाणी मुरते, उतारावर जेथे असा पट्टा उघडा पडतो तेथे झरा फुटतो, आणि पाऊस थांबल्यावरही ओढा जे काही वाहतो ते या झऱ्यांच्या जोरावर. दिवाळीनंतर ओढा किती दिवस वाहिला ही साधी नोंदसुद्धा म्हणून त्या परिसरातील भूजलाची परीक्षा ठरते.

कोकणात आणि मावळात पहिल्या पावसाबरोबर चढणीचे मासे धरण्याची रीत सर्वांना परिचित आहे. हे मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरापर्यंत चढतात ते अंडी घालण्यासाठी, कारण उथळ, गाळरहित, प्राणवायूने भरलेले पाणी त्यांच्या पिलांना तेथेच मिळते. ओढ्याच्या तोंडाशी काँक्रीटची उंच पायरी झाली, किंवा उन्हाळाभर साचलेले सांडपाणी पहिल्या पावसाने एकदम खाली लोटले, तर ही चढण त्या वर्षापुरती मोडते. असे सलग काही वर्षे घडले तर नदीतील माशांची जात त्या पट्ट्यातून नाहीशी होते, आणि त्याचे कारण नदीत शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

शहरात ओढ्याची दशा आणखी बिकट होते, आणि जगभर ती जवळजवळ सारख्याच क्रमाने होते. छपरे, रस्ते आणि फरशीचे अंगण यांमुळे पाणी मुरायचे थांबते, ते एकदम वाहून येते, पात्र खरवडले जाते, काठ ढासळतात, मग भिंती बांधल्या जातात आणि उरलेल्या काळात पात्रात सांडपाण्याखेरीज काही उरत नाही. या लक्षणसमुच्चयाला २००५ पासून शास्त्रीय लिखाणात शहरी ओढ्यांचा आजार अशा अर्थाचे नाव मिळाले आहे. पुण्याचा आंबिल ओढा हे त्याचे जवळचे उदाहरण होय. कात्रजच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या ओढ्यावर पेशवाईत नानासाहेबांच्या काळी कात्रजचे तलाव बांधले गेले, तेथून नळाने शहराला पाणी आणले गेले, पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले आणि प्रवाहही वळवला गेला; म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षे हा ओढा शहराच्या नियोजनाचा भाग होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या काठांवर वस्ती दाटली, पात्र आवळले गेले, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत त्याच्यासह दक्षिण पुण्यातील ओढ्यांना आलेल्या पुराने वीसहून अधिक माणसांचे बळी घेतले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी ही नदी आहे याची आठवण अनेक मुंबईकरांना प्रथमच झाली. दोन्ही प्रसंगांनंतर चौकशा झाल्या, आराखडे झाले, भिंती झाल्या. त्या ओढ्यांच्या नित्याच्या वाहण्याची, म्हणजे पूर नसलेल्या साडेतीनशे दिवसांची, नोंद मात्र कोणाच्याच कामात बसली नाही.

नागरिकांनी हे काम अंगावर घेण्याची आधुनिक परंपरा अमेरिकेत सुरू झाली. १९२२ साली गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींनी स्थापन केलेल्या आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेने १९६९ मध्ये मेरीलँड राज्यात ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ हा उपक्रम हाती घेतला आणि ओढ्यातील किडे ओळखून पाण्याचा कस ठरवण्याची सोपी रीत स्वयंसेवकांच्या हाती दिली. त्याच वर्षी ओहायोतील कायहोगा नदीवरील तेलाच्या तवंगाला आग लागली, १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, आणि कायद्याने मागितलेली माहिती एकट्या सरकारी यंत्रणेला पुरवता येणे कठीण असल्यामुळे स्वयंसेवकांच्या नोंदींना हळूहळू प्रशासनातही स्थान मिळाले. कॅलिफोर्नियातील बर्कले शहरात १९८० च्या दशकात याला वेगळे वळण लागले : तेथील नागरिकांनी जमिनीखालच्या नळात कोंडलेला स्ट्रॉबेरी क्रीक १९८४ मध्ये एका उद्यानापुरता पुन्हा उघडा केला, आणि झाकलेले ओढे उघडे करण्याची चळवळ तेथून अन्यत्र पसरली. ऑस्ट्रेलियात १९९० च्या सुमारास शाळांना हाताशी धरून असेच जाळे उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेत ‘मिनीसास’ ही पद्धत तयार झाली, तिच्यात जीवांचे तेरा गट ओळखता आले की शाळकरी मुलालाही ओढ्याला गुण देता येतात. ब्रिटनमधील मासेमारांचा उपक्रम मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तेथे दर महिन्याला ठरलेल्या जागी जीवांचे आठ गट मोजले जातात, त्या जागेसाठी आधीच ठरवलेल्या किमान गुणांखाली आकडा गेला की पर्यावरण खात्याला कळवले जाते, आणि खाते त्याची दखल घेते. काय मोजायचे, किती खाली गेल्यावर हाक द्यायची आणि हाक कोणी ऐकायची, हे तिन्ही आधी ठरलेले असल्यामुळेच ती नोंद वहीत पडून राहत नाही.

भारतातील परंपरा निराळ्या मुळातून आली आहे, ती श्रमदानाची आहे. गाडगेबाबांच्या खराट्याने महाराष्ट्राला सार्वजनिक स्वच्छतेत हाताने काम करण्याची जी प्रतिष्ठा शिकवली, तिचा वारसा पाण्याच्या कामाला सहज लागू पडला. राजस्थानात अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकापासून ग्रामस्थांनी तरुण भारत संघाच्या सोबतीने जोहड, म्हणजे उतारावरचे मातीचे बांध, उभारले, आटलेली नदी पुन्हा वाहू लागली, आणि १९९९ मध्ये खोऱ्यातील गावांनी पाणीवापराचे नियम ठरवण्यासाठी स्वतःची संसद स्थापन केली. पंजाबात संत बलबीर सिंग सीचेवाल यांच्या पुढाकाराने २००० सालापासून कारसेवेच्या रूपाने सुमारे १६० किलोमीटर लांबीची काली बेईं गाळ आणि जलपर्णीतून मोकळी करण्यात आली. महाराष्ट्रात वनराई संस्थेने रुजवलेला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पावसाळ्याच्या शेवटी नाल्यावर घातला जाणारा वनराई बंधारा, हिवरे बाजारसारख्या गावांनी केलेली माथा ते पायथा पाणलोटाची कामे, २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत उतरलेली गावे, ही सारी याच धारेची उदाहरणे आहेत. याहून जुनी राखणही आहे. अनेक देवराया झऱ्याच्या माथ्यावरच उभ्या आहेत, आणि महाड तालुक्यातील वाळण कोंडीत देवीच्या नावाने राखलेले मासे कोणी धरत नाही.

श्रमदानाच्या या परंपरेचे मोल मान्य करूनही तिची एक उणीव स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा भर त्या उणिवेवर आहे. श्रमदान दिसते, त्याला आरंभ आणि शेवट असतो, शंभर माणसे एका सकाळी ट्रकभर प्लास्टिक काढतात आणि समाधानाने घरी जातात. पण वरच्या बाजूची मैलावाहिनी फुटकी असेल तर आठवड्याभरात पात्र पूर्वीसारखे होते, आणि ती कोठे फुटली आहे हे प्लास्टिक काढून कळत नाही. सांडपाणी उताराने वाहावे म्हणून शहरांत मैलावाहिन्या बहुतेकदा ओढ्याच्या काठाने किंवा थेट पात्रातूनच टाकलेल्या असतात, त्यांचे चेंबर पावसात उसळतात, आणि कोणते चेंबर कोणत्या महिन्यात उसळते हे काठावर राहणाऱ्याला जितके नेमके माहीत असू शकते तितके कार्यालयातील अभियंत्याला असू शकत नाही. ही माहिती लिहून, तारीख घालून, छायाचित्रासह ठेवली तर ती पुरावा होते; न लिहिल्यास ती तक्रार राहते.

पाण्याची पारख करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे पुरस्कर्ते दीर्घकाळ एकमेकांशी वाद घालत आले आहेत. पहिला मार्ग रसायनाचा. त्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू, आम्लता, क्षारांचे प्रमाण, नायट्रेट, फॉस्फेट आणि जैविक प्राणवायू मागणी मोजली जाते. ही मागणी म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू ठरावीक मुदतीत जितका प्राणवायू वापरतात तो आकडा, आणि भारतात ती बहुधा २७ अंश तापमानाला तीन दिवसांत मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि ही मागणी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावी लागते. प्राणवायू मोजण्याची हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची १८८८ ची रीत आजही स्वयंसेवकांच्या पेटीत असते. काचेची बाटली पाण्याखालीच भरून बुडबुडा न राहता बूच लावायचे, मग दोन द्रावणांचे थेंब घालायचे; पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. त्यात आम्ल घातल्यावर पाणी सोनेरी होते, पिष्टाच्या थेंबाने निळे होते, आणि निळेपणा जाईपर्यंत तिसऱ्या द्रावणाचे किती थेंब लागले यावरून प्राणवायूचा आकडा निघतो. पांढरा साका एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला काळ्या पाण्याचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. मात्र शेवाळ माजलेल्या पाण्यात हाच आकडा दुपारी भरपूर आणि पहाटे अगदी कमी येतो, म्हणून मोजण्याची वेळ पाळली नाही तर वर्षभराच्या नोंदी एकमेकींशी ताडता येत नाहीत.

दुसरा मार्ग जीवांचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्कविट्झ आणि मार्सोन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की घाणीच्या प्रमाणानुसार पाण्यातील जीवांचे समुदाय बदलतात, आणि पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जीवांच्या कुळांना गुण देण्याची पद्धत बसवली गेली. तिचेच भारतीय परिस्थितीला जुळवलेले रूप केंद्रीय मंडळाने स्वीकारले आहे. प्रत्यक्ष कृती अशी : उथळ, खळाळत्या जागी प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची, तिच्या पुढे पायाने दगड-गोटे ढवळायचे, आणि जाळीत आलेले सर्व पांढऱ्या ताटात ओतून पाणी निवळू द्यायचे. क्षणभर ताटात कचऱ्याखेरीज काही दिसत नाही, मग वाळूचा एक बारीक नळा चालू लागतो. तो कॅडिसफ्लायच्या अळीने स्वतःच्या रेशमाने कण जोडून बांधलेला कोश असतो. मेफ्लायची तीन शेपट्यांची पिले आणि स्टोनफ्लायची पिले हीदेखील चांगल्या पाण्याची खूण. चतुर आणि टाचण्यांची पिले, खेकडे, गोगलगायी मध्यम पाण्यात तग धरतात. आणि ताटात नुसत्या लाल अळ्या व गाळातले बारीक गांडूळवर्गीय किडे उरले तर प्राणवायू संपत आल्याचे समजावे. रसायनाची चाचणी त्या क्षणाचे पाणी सांगते, तर जीव मागील अनेक आठवडे सांगतात, कारण मध्यरात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही, पण त्याने मारलेले किडे दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. स्वयंसेवकांनी जीवांपासून सुरुवात करावी आणि रसायनाने तिची शहानिशा करावी, असे या पुस्तकाचे मत आहे. खर्चही त्यातच कमी येतो.

ओढा सुधारण्याबाबतच्या विचारांचे तट याहून अधिक आहेत. स्थापत्याची जुनी विचारसरणी पाणी लवकरात लवकर पुढे घालवण्याची आहे. सरळ पात्र, सिमेंटच्या भिंती आणि झाकलेली गटारे ही तिची देणगी, आणि तिने पूर मिटत नाही, तो खालच्या वस्तीकडे सरकतो. सुशोभीकरणाची विचारसरणी तिचीच नवी शाखा होय. सोलमध्ये २००५ साली वरचा उन्नत रस्ता पाडून मोकळा केलेला चॉंग्येचॉन हा सुमारे सहा किलोमीटरचा प्रवाह जगभर वाखाणला गेला, शहराला त्याने लाभही पुष्कळ दिला, परंतु त्यातील पाणी मुख्यतः पंपाने चढवलेले आहे. आपल्याकडील नगरपालिका त्याचे चित्र दाखवतात तेव्हा ही गोष्ट सांगायची राहते. अमेरिकेत डेव्ह रॉसगेन यांनी १९९० च्या दशकात प्रवाहांचे वर्गीकरण करून वळणे, रुंदी आणि खोली पुन्हा घडवण्याची रीत लोकप्रिय केली. आकार दिला म्हणजे ओढा झाला असे नाही, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला, आणि त्यातून पाणी, गाळ व काठची झाडी यांच्या चालण्यातील अडथळे दूर करून उरलेले ओढ्यावर सोपवणारी प्रक्रियाप्रधान विचारसरणी पुढे आली. मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यशस्वी पुनरुज्जीवनाचे पाच निकष मांडले, त्यांपैकी एक असा की कामाआधीची आणि कामानंतरची मोजणी व्हावी व ती लोकांना उपलब्ध असावी.

या निकषावर महाराष्ट्रातील नाला खोलीकरण आणि रुंदीकरण तपासून पाहण्याची वेळ आली आहे. टंचाईच्या गावाला पाणी हवे असते आणि यंत्राने खोदलेल्या नाल्यात पहिल्याच वर्षी ते दिसते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाळू-गोट्यांचा थर उचलला की जीवांचे घर जाते. काठावरची करंज, जांभूळ, वाळुंज, निरगुडी उपटली की सावली जाते. आणि कातळातील पाणी धरणारा थर न पाहता फोडला तर शेजारच्या विहिरीचे पाणी नाल्यात निघून येऊ शकते. ओढा पाणी साठवण्याची टाकी आहे असे मानून केलेले काम आणि तो वाहता ठेवण्यासाठी केलेले काम यांत फरक आहे, आणि तो गावाने आधी समजून घ्यावा.

विषयाची निकड आजच का, याला ठोस कारणे आहेत. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी आहे, त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. आणि शहराजवळच्या कोणत्याही अशा पट्ट्याचा माग काढला तर तो वर जाऊन ओढ्यांच्याच तोंडाशी थांबतो, जसा कोल्हापुरात पंचगंगेचा माग जयंती नाल्यापाशी थांबतो. दुसरीकडे लोकांची तयारी वाढली आहे. पुण्यात जीवितनदी संस्थेने नदीकिनारा दत्तक घेण्याची कल्पना रुजवली, भूगाव-बावधन-पाषाण मार्गे मुळेला मिळणाऱ्या राम नदीसाठी संस्था, शाळा आणि रहिवासी एकत्र आले, छत्रपती संभाजीनगरात खाम नदीवर महापालिका आणि नागरिक यांनी मिळून काम केले, मुंबईत दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठीसाठी लोक रस्त्यावर आले, आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्य शासनाने सेवाग्राम येथून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. माहितीचा अधिकार २००५ पासून आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने उपलब्ध असून न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. साधने आहेत, माणसे आहेत. सलग आणि शिस्तीच्या नोंदी नाहीत.

प्रस्तुत पुस्तक ती शिस्त शिकवण्याचा प्रयत्न करते. ते तज्ज्ञांसाठी नाही, आणि तज्ज्ञाची जागा स्वयंसेवकाने घ्यावी असेही ते सुचवत नाही. प्रयोगशाळेचा दाखला जेथे लागतो तेथे तो लागतोच, आणि सांडपाणी शुद्ध करणे ही नगरपालिकेची जबाबदारी आहे, ती श्रमदानावर ढकलली जाऊ नये, असे पुस्तकाचे ठाम म्हणणे आहे. जागा कशी निवडावी, नकाशावर ओढ्याचे पाणलोट कसे आखावे, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आपल्या भागात कोठून जाते हे कसे पाहावे, नोंद कोणत्या स्वरूपात ठेवली म्हणजे कार्यालयाला ती नाकारता येणार नाही, आणि काठावर काय लावावे व काय लावू नये, याचे मार्गदर्शन त्यात आहे. सुरक्षिततेचा भाग वाचकांनी वगळू नये. सांडपाण्यात उघड्या जखमेने उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात, बंद चेंबरमध्ये विषारी वायू साचतो, आणि माथ्यावर पाऊस पडत असताना कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यातही कोणी उतरता कामा नये.

हे पुस्तक हाती घेणाऱ्यांना एकच विनंती आहे. आपल्या घराचे, शाळेचे किंवा शेताचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते ते आधी शोधावे, त्यावर तीन जागा निवडाव्यात, आणि पहिली नोंद मे महिन्यात, वळवाचा पाऊस पडण्यापूर्वी घ्यावी. त्यानंतर किमान एक वर्ष दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी जावे, आणि साफसफाईचा किंवा बांधकामाचा कोणताही निर्णय त्या बारा नोंदी समोर ठेवूनच घ्यावा.